ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला ‘हमखास मिळणारं’ कॉलेज टाकावं का?

प्रश्न: कोल्हापूरला बारावी झाली, इंजिनिअरिंगच्या सीईटीला 93 पर्सेंटाइल आहेत, आता कॉलेजांच्या पसंतीची यादी, म्हणजे ऑप्शन फॉर्म, भरायचाय. घरचे म्हणतात पहिल्या नंबरला हमखास मिळणारं कॉलेज टाक, मोठी नावं खाली टाक. बरोबर आहे का? आणि पुण्याला जाऊ की इथंच राहू?

उत्तर: साफ चूक आहे. ‘घरचे’ म्हणजे नक्की कोण ते तू लिहिलं नाहीस, पण एखादा मामा असणार.

माझा होता. साल 2017. राजारामपुरीतलं नेट कॅफे, बाहेर पाऊस धो धो, आणि मामाच्या हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यानं चॉइस कोड लिहून आणले होते, प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ब्रँचचे ते लांबलचक आकडे, एकाखाली एक, निळ्या पेनानं. पहिल्या नंबरला त्याच्या ओळखीतलं एक कॉलेज (नाव लिहीत नाही), ब्रँच कॉम्प्युटर. वालचंद सांगली, मेकॅनिकल, दुसऱ्या नंबरला. मी म्हटलं, “मामा, वालचंद वर घेऊया की.” तर म्हणाला, “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं नसतंय. आधी मिळणारं पक्कं करायचं, मग नशीब.” कॅफेवाल्यानंही मान डोलावली. त्याला काय, तासाचे पैसे चालू होते.

आणि खरं सांगायचं तर कन्फर्म करताना पासवर्ड मीच टाकला. मामानं माझा हात धरला नव्हता. पण अठरा वर्षांच्या पोरीनं आईच्या भावासमोर किती बोलायचं असतं हे आपल्याकडं तुला वेगळं सांगायला नको.

पहिली फेरी लागली, पहिलाच पर्याय मिळाला, ऑटो फ्रीज, म्हणजे सीट आपोआप पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. मामानं पेढे वाटले. नंतर कटऑफची यादी उघडली, तर वालचंदच्या मेकॅनिकलला माझ्या मागच्या मेरिट नंबरवर सीट गेली होती. माझ्या मागच्या! ती पीडीएफ मी अजून डिलीट केलेली नाही.

मामाची म्हण भाजी मंडईत ठीक आहे, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमध्ये, ती लागू होत नाही. सिस्टिम तुझी यादी वरून खाली वाचते. पहिल्या पर्यायाला तुझा मेरिट नंबर बसत नसेल तर दुसरा बघते, मग तिसरा. तू वर दहा अशक्य कॉलेजं टाकलीस म्हणून अकराव्या कॉलेजवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. तिथं तुझा मेरिट नंबरच बघतात, तू ते कितव्या नंबरला लिहिलंस हे नाही. म्हणजे ‘हमखास मिळणारं’ खाली टाकलं तरी ते हमखासच राहतं. वर टाकलंस तर मात्र त्याच्या खालचं सगळं मेलं.

आता तर हे जास्तच महागात पडतं. 2025 पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर सीट पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं तर पक्की, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. घेतलीस तर घेतलीस, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरच्या सहा जागांवर जे मिळालं तर रडू येणार नाही तेवढंच लिहायचं. 300 पर्याय भरता येतात, खाली भरपूर जागा आहे, मामाची सगळी कॉलेजं मावतात.

मेकॅनिकलच का, असं त्या वेळी सगळ्यांनी विचारलं. पोरगी, आणि मेकॅनिकल! पप्पांचं उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान. फाउंड्रीला कास्टिंग ओतायच्या आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, तो पप्पा करायचे. लहानपणी त्यांची पट्टी मी शाळेत नेली आणि भूमितीची सगळी मापं चुकली. माझी पट्टी आणि मैत्रिणीची पट्टी शेजारी ठेवली तर शेवटाकडं जाईपर्यंत फरक दिसायचा. बाईंनी मलाच झापलं. घरी आले तर पप्पा पोट धरून हसले. ती कॉन्ट्रॅक्शनची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बीडाला मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करायचा, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पट्टीवरचे आकडेच ताणून छापलेले. खोटी पट्टी, पण माप खरं यायला हवं म्हणून खोटी. मला त्या दिवसापासून दुसरं काही करायचं नव्हतं. हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग पप्पासारखं भुश्यात बसणार काय?” पप्पा तिथंच होते. काही बोलले नाहीत.

चार वर्षं कॉम्प्युटर केलं. प्रॅक्टिकलला तिघांत एक मशीन. मग हिंजवडीत दोन वर्षं नोकरी, आणि आता शिरोलीत एका फाउंड्रीत आहे. कास्टिंग ओतायच्या आधी स्क्रीनवर ओतून बघायचं, पोकळी कुठं पडेल ते सांगायचं, रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा भाग) कुठं हवा ते ठरवायचं. म्हणजे फिरून तिथंच आले. आणि मामा आता प्रत्येक लग्नात सांगतो, “कॉम्प्युटर घेतला म्हणूनच की ही नोकरी!” नाही मामा. सॉफ्टवेअरची बटणं महिन्याभरात येतात. धातू कसा वागतो हे मी भट्टीवरच्या एका साठीतल्या माणसाच्या मागं लागून, शिफ्ट संपल्यावर, दीड वर्ष शिकले. ते कॉलेजात चार वर्षांत आलं असतं.

असो. पुण्याचं.

पुण्याच्या कुठल्या तरी साध्या कॉलेजसाठी रूम, मेस, गाडी एवढा खर्च घालू नकोस. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत, म्हणजे कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात, तू होम युनिव्हर्सिटीची आहेस. बऱ्याच कॉलेजांत 70 टक्के जागा होमवाल्यांना असतात. पुण्यात तू बाहेरची, उरलेल्या 30 टक्क्यांत. त्यामुळं तेच पर्सेंटाइल इथं जास्त चालतात. सांगली पन्नास किलोमीटरवर, इचलकरंजी त्याहून जवळ. टेक्सटाइल असेल तर इचलकरंजी सोडून कुठं जायचं? पण खरंच चांगलं कॉलेज, हवी ती ब्रँच पुण्यात मिळत असेल तर जा. कंपन्या तिकडं जास्त आहेत, हे मी दोन वर्षं बघितलंय. कुठली ब्रँच ते मी सांगणार नाही, तेवढंच तुझं तू ठरव.

अजून काही, घाईत:

घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे पर्यायही भर. त्याच कॉलेजचा, त्याच ब्रँचचा वेगळा चॉइस कोड असतो, ट्यूशन फी माफ. जागा पाचच टक्के, म्हणून मेरिट वर जातं, आणि नंतर ब्रँच बदलता येत नाही. तू मुलगी असशील (मी आपली तसंच धरून लिहीत सुटले, नावावरून कळलं नाही) आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असशील, तर 2024-25 पासून आठ लाखांच्या आत पूर्ण ट्यूशन फीची सवलत आहे, पण कॅपमधून आलीस तरच. मॅनेजमेंटच्या सीटला नाही. कुणी ‘ओळखीनं करून देतो’ म्हणालं तर हे आधी आठव.

कॅटेगरी असेल तर व्हॅलिडिटी (जात पडताळणी) आणि नॉन क्रीमी लेयरचे दाखले आत्ता बघ, फेरी लागल्यावर सेतूच्या रांगेत उभं राहून काही होत नाही. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळं माझ्यावरही विसंबू नकोस, यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाच. कंटाळवाणं आहे, तरी वाच. माझ्या वेळी ते मामानं वाचलं नव्हतं, आणि मीही नाही.

मामाची धाकटी यंदा फॉर्म भरणार आहे. काल त्याचा फोन आला होता, “रविवारी जेवायलाच ये की. कोड मी सगळे लिहून ठेवल्यात, तू फक्त बसून भरून दे.”

पेन घेऊन जाणार आहे. लाल.