उत्तर बरोबर आलं, पण समजलं का?

प्रश्न : मी हडपसरला सातवीला गणित शिकवते. वर्गात ५२ मुलं आहेत. पावसामुळे शाळा बंद राहिली की गूगल फॉर्मवर चाचणी घेते. बहुतेकांना २० पैकी १८-१९ पडतात आणि शाळा सुरू झाली की तीच मुलं फळ्यापाशी अडखळतात. घरून कुणीतरी सांगतं हे कळतं, पण उपाय काय?

उत्तर : आधी गुण काढून टाका. 'ही चाचणी कुठेही धरली जाणार नाही' असं पालकांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा, म्हणजे सांगण्याची घाई बरीच कमी होते. सातवीच्या आकारिक मूल्यमापनाच्या (शिकवता शिकवता वर्गातच होणाऱ्या) ४० गुणांसाठी निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय ही साधनं वर्गात आहेतच. घरच्या फॉर्मवर तो भार कशाला?

घरच्यांचं सांगणं थांबलं तरी प्रश्नच कच्चा असेल, तर बरोबर उत्तरही फसवतं. '०.६, ०.४५, ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?' हा नेहमीचा प्रश्न घ्या. मूल ०.१२५ म्हणालं, तर ते दशांशचिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतंय हे लगेच कळतं. पण '०.६' म्हणणाऱ्यांत दोन प्रकारची मुलं असतात. काहींना स्थानिक किंमत समजलेली असते. काहींनी मात्र 'सहस्रांश लहान असतात, म्हणून जितके जास्त अंक तितकी संख्या लहान' असा नियम मनाशी धरलेला असतो. तुम्ही दोघांनाही बरोबरची खूण करता आणि दुसऱ्याची चूक तशीच पुढे जाते.

आता पर्याय बदला : ०.३, ०.३७, ०.३२५. पूर्ण संख्येसारखं वाचणारं मूल ०.३२५ निवडेल, 'कमी अंक म्हणजे मोठी संख्या' मानणारं ०.३ निवडेल आणि समजलेलं ०.३७. एकाच प्रश्नात तिघं वेगळे झाले. तीन पर्यायांत नुसत्या अंदाजानंही तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर येतं, म्हणून अशाच घडणीचा आणखी एक प्रश्न द्या (०.८, ०.८४, ०.८१६) आणि पर्यायांचा क्रम बदला. वीस प्रश्नांपेक्षा असे चार पुरेत. प्रश्न काढताना प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे 'हा कोण निवडेल आणि का' हे स्वतःसाठी लिहा. लिहिता आलं नाही, तर तो पर्याय बदला.

शेवटी '०.३७ का?' एवढंच विचारून ३० सेकंदांचा आवाजी संदेश मागवा. सगळे ५२ ऐकायला २६ मिनिटं लागतात. एका खेपेला निम्मे ऐकले तरी चालतं. पढवलेलं उत्तर आवाजात लपत नाही.

दुसऱ्या दिवशी शून्यं जोडून ३००, ३७०, ३२५ करायला शिकवण्याची घाई करू नका. त्यानं उत्तर येतं, समज येत नाही. शंभर चौकटींचा चौरस काढून ३०, ३७ आणि साडेबत्तीस चौकटी रंगवून घ्या.

प्रश्न : वह्यांवर 'छान', 'सुधारणा हवी', '६/१०' असे शेरे लिहून हात दुखतो, फरक पडत नाही. (कोथरूड)

उत्तर : पडणारही नाही, कारण त्यात मुलानं करायचं काहीच नाही. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. गुणांसोबत शेरा दिला, तेव्हा मात्र तो परिणाम दिसला नाही. मुलं गुणांकडेच बघतात. तेव्हा गुण वेगळ्या नोंदवहीत ठेवा आणि वहीत कामाला लावणारं वाक्य लिहा : 'तिसऱ्या पायरीत वजा चिन्ह सुटलंय, तिथून पुन्हा सोडव.' मग पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्या दुरुस्तीलाच द्या. ही दहा मिनिटं दिली नाहीत, तर शेरा लिहिण्याची मेहनत वाया जाते. मोठ्या वर्गात सगळ्या वह्या दर आठवड्याला बारकाईनं बघायचा हट्ट नको. आठवड्याला पाव वर्ग घेतला की महिन्याभरात सगळे येतात.

प्रश्न : मुळशीत आमच्या वाडीवर रेंज नाही, घरात एकच फोन आणि तोही वडिलांसोबत कामावर. अशा मुलांचं मूल्यमापन कसं करायचं? (चौथी)

उत्तर : कागदावर. एका पानावर चारच प्रश्न आणि खाली 'मी इथे अडलो' अशी रिकामी चौकट ठेवा. ती चौकट उत्तरांच्या आधी वाचा. रात्री वडील घरी आल्यावर, रेंज मिळेल तिथून, साधा फोन करायला सांगा. व्हिडिओची गरज नाही. मुलाकडून पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचून घ्या आणि त्यावर एक 'का' विचारा. पाच मिनिटांत वाचनाचा वेग, अडणारी जोडाक्षरं आणि आकलन तिन्ही कळतं. नोंद तिथल्या तिथे तारखेसह करा; आठवड्यानं आठवून लिहिलेल्या नोंदी सगळ्या मुलांच्या सारख्याच होतात.