मागचा पॉइंट सापडत नाही

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सी अँथ्रोपॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला मी आणि माझ्या पार्टनरने एकच कवटी मोजली, रुंदी दोघींची १३५ मिमी आली पण लांबी माझी १७८ आणि तिची १८१. लांबीचा पुढचा पॉइंट, ग्लाबेला, तर दोघींचा सेम होता. मग मागचा पॉइंट, ऑपिस्थोक्रेनियन, नक्की असतो कुठे? मी मागच्या उंचवट्यावर कॅलिपर टेकवला होता.

उत्तर: तिथेच गडबड झाली बघ. तो उंचवटा म्हणजे इनियनची जागा, आणि नवीन पोरं हमखास तिथेच टेकवतात कारण तो पटकन हाताला लागतो. ऑपिस्थोक्रेनियनची हाडावर खूणच नसते गं, तो कॅलिपरच ठरवतो. स्प्रेडिंग कॅलिपरचं एक टोक भुवयांच्या मधे ग्लाबेलावर बोटांनी घट्ट धरायचं, आणि दुसरं टोक मागे बरोब्बर मधल्या रेषेवरून खाली-वर फिरवत राहायचं, नजर स्केलवर, जिथे आकडा सगळ्यात मोठा येईल तो तुझा पॉइंट. बहुतेक वेळा इनियनच्या वरच सापडतो. तेव्हा पार्टनरचे १८१ बरोबर असावेत, फक्त तिचं पुढचं टोक घसरलं नव्हतं ना ते बघा.

तीन मिलिमीटरने काय होतं म्हणशील तर इंडेक्स काढ, रुंदी भागिले लांबी गुणिले १००. तुझा ७५.८, तिचा ७४.६. ७५ च्या खाली लांब डोकं, वर मध्यम, म्हणजे एकच कवटी दोन कप्प्यांत! (मला हे कप्पे तसेही पटत नाहीत. इरावती कर्वेंनी बर्लिनला ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएचडी करताना कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजला, गुरूला हवा होता तसा वंशाशी संबंध काही निघाला नाही, आणि बाईंनी तसंच लिहून दिलं.)

रुंदीचा युरिऑन, म्हणजे बाजूचा सगळ्यात रुंद पॉइंट, तोही असाच कॅलिपरने शोधायचा, कानावरच्या कंगोऱ्यावर मात्र टेकायचं नाही. ब्रेग्मा सोपा, बाळाची टाळू भरतो ना तिथेच, हाडांमधल्या दोन शिवणी मिळतात तो. लॅम्डा, म्हणजे मागच्या बाजूला शिवणी मिळतात तो, छळतो, कारण कधीकधी शिवणीतच छोटी जादा हाडं असतात, तेव्हा शिवणींची दिशा नजरेने पुढे नेऊन जिथे भेटतील तो धरायचा, विचारल्याशिवाय कवटीवर पेन्सिल नको.

आणि पुढच्या वेळी दोघी वेगवेगळ्या दिवशी तीनतीनदा मोजा, आकडे एकमेकींना न सांगता. पार्टनरचा आकडा कानावर पडला की आपला हात आपोआप तिकडे सरकतो, मी स्वतः केलंय.