जॉनी विल्किन्सनची कारकीर्द म्हणजे 2003 च्या रग्बी वर्ल्ड कप फायनलमधली ती एक किकच का?

नाही. इंग्लंडच्या या फ्लाय-हाफचं (दहा नंबरची जर्सी घालून संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूचं) खरं मोठेपण त्या किकनंतरच्या दहा-अकरा वर्षांत आहे. मी मुंबईत काही वर्षं त्याच जागी, दहा नंबरवर खेळलो, म्हणून जरा मनापासून लिहितोय.

आधी किकबद्दल. 22 नोव्हेंबर 2003, सिडनी. ऑस्ट्रेलियाशी 17-17 बरोबरी, जादा वेळेची शेवटची काही सेकंदं. विल्किन्सनचा भरवशाचा पाय डावा. मॅट डॉसनचा पास आला आणि त्याने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला. 20-17. ड्रॉप गोलमध्ये चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला टेकून उसळतो न उसळतो तोच मारायचा. लांबट चेंडू, टोकावर सरळ पडला नाही की भलतीकडेच जातो. कच्च्या पायाने मला सरावातही दहातले दोन जमायचे. त्याचे तर त्याच सामन्यात आधीचे प्रयत्न हुकलेले होते.

मग दुखापती सुरू झाल्या. मान, खांदा, दंड, गुडघा, मूत्रपिंड. एकीतून उठतोय तोवर दुसरी. दहा नंबरवाल्याने टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना, अंग राखून राहायचं, असं आम्हाला सांगत. हा मात्र आपल्याहून कितीतरी वजनदार गड्यांना स्वतः जाऊन भिडायचा. त्याची किंमत शरीराने मोजली, असं मला वाटतं. 2005 मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या लायन्स संघाकडून खेळला, पण इंग्लंडची जर्सी पुन्हा अंगावर यायला 1169 दिवस लागले. फेब्रुवारी 2007, इंग्लंडचं घरचं मैदान ट्विकनम, समोर स्कॉटलंड. एकट्याचे 27 गुण! सामना होता कलकत्ता कपचा. कोलकात्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला हा चषक. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. त्याच वर्षी इंग्लंड पुन्हा वर्ल्ड कप फायनलला पोचलं, पण दक्षिण आफ्रिकेकडून हरलं.

या सगळ्यात मनाचीही ओढाताण झाली. चिंता आणि नैराश्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला. सराव संपल्यावरही तासन्‌तास एकटाच किक मारत राहणाऱ्या माणसाला एक हुकलेली किक किती छळत असेल, ते मी समजू शकतो.

2009 मध्ये न्यूकॅसल क्लब सोडून तो फ्रान्सला, तुलाँ क्लबकडे गेला. अनेकांना वाटलं, आता उतरती कळा. तिथे तो फ्रेंच शिकला, कर्णधार झाला आणि 2013 व 2014, लागोपाठ दोनदा हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा चषक, जिंकून दिला. दुसऱ्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला 35 वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर सहा दिवसांनी, 31 मे 2014 ला, फ्रेंच लीगची फायनल. तुलाँने कास्त्रला 18-10 असं हरवलं आणि त्या 18 पैकी 15 गुण विल्किन्सनचे होते. तो त्याचा शेवटचा सामना.