बारकोडवरून गोंधळगीतांची सीडी ओळखताना

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत गोंधळगीतांची सीडी मिळाली, छान झालं! कव्हर फाटलंय, पण बारकोड शाबूत आहे ना? मग आधी एवढंच कर:

१. बारकोडखालचे सगळे १३ आकडे लिहून घे, डावीकडे बाहेर सुटा पडलेला पहिला आकडासुद्धा. नवखे हमखास तोच सोडतात आणि मग इंटरनेटवर शोधून काही सापडत नाही.
२. दुकानदाराने चिकटवलेलं किमतीचं लेबल सोड, कव्हरवर छापलेलाच बारकोड घे.

सुरुवातीचे ८९० म्हणजे कंपनीने क्रमांक भारतात नोंदवून घेतला, इतकंच. गायक सोलापूरचा की बार्शीचा, रेकॉर्डिंग कधीचं, हे त्यावरून कळत नाही. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, म्हणजे बाकीचे आकडे बरोबर आहेत का ते पडताळण्यासाठी.

अल्बम सापडला तरी गाण्यांची यादी आणि डबीच्या कडेवरचा कॅटलॉग क्रमांक (कंपनीने त्या अल्बमला दिलेला स्वतःचा क्रमांक) ताडून बघ, कारण तीच गाणी नव्या आवृत्तीत वेगळ्या बारकोडने निघू शकतात. जुन्या कॅसेटवर तर अनेकदा बारकोडच नसतो, तिथे कॅटलॉग क्रमांकाचाच आधार. मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

आणि कव्हरवर संबळ, तुणतुणं वाजवणाऱ्यांची नावं असतील तर तीही वहीत उतरव. ती फार लवकर हरवतात.