एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये घरखर्चाचा हिशेब ठेवून खरंच फरक पडतो का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की घरात दोघांचे पगार येतात, खर्चाची अ‍ॅपं वापरून झाली, तरी वीस तारखेनंतर ओढाताण ठरलेली. आमच्याकडे मुलुंडला काही वर्षं शीटवरच घर चालतंय, त्यावरून सांगते.

फरक पडतो. पण बहुतेक जण शीट उघडली की पहिल्याच दिवसापासून भाजी, रिक्षा, चहा लिहायला बसतात आणि पंधरवड्यात कंटाळतात. माझ्या मते रोजची नोंद नंतर, आधी वर्षाचा तक्ता करा. मुंबईतल्या पगारदार घराचं गणित कोथिंबिरीच्या जुडीने बिघडत नाही. ते बिघडतं दर महिन्याला न येणाऱ्या खर्चांनी. सोसायटीचा मेंटेनन्स बऱ्याच ठिकाणी तिमाही, पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी, जूनमध्ये शाळेची फी आणि तेव्हाच वह्या, दप्तर, रेनकोट. मग गणपतीला गाव, दिवाळी, विम्याचा हप्ता. यातलं काहीच अनपेक्षित नसतं, तरी त्या त्या महिन्यात पगाराला खिंडार पडतं.

म्हणून पहिल्या टॅबला ‘वर्षाचे खर्च’ असं नाव द्या. रकाने चारच: खर्च, वर्षाची रक्कम, कोणत्या महिन्यात, आणि भागिले 12. उदाहरणादाखल आकडे घेऊ: मेंटेनन्स 48,000, शाळा 60,000, मेडिक्लेम 24,000, विमा 30,000, गणपती-दिवाळी 30,000, गावचा प्रवास 18,000. बेरीज 2,10,000, म्हणजे महिन्याला 17,500. पगार जमा झाला की त्याच दिवशी एवढी रक्कम दुसऱ्या बचत खात्यात वळती करा आणि हे खर्च फक्त तिथूनच भागवा. आरडी नको, कारण पैसे मध्येच काढावे लागतात. उरलेला पगार हाच तुमचा खरा पगार. हा आकडा पहिल्यांदा समोर आला की धक्का बसतो, पण निर्णय त्याच्यावरच घ्यायचे असतात.

रोजच्या नोंदीसाठी दुसरा टॅब: तारीख, रक्कम, प्रकार, कोणी केला. प्रकाराला ड्रॉप-डाउन लावाच. एकाने ‘किराणा’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘वाणी’, तर सम-इफ्सच्या (SUMIFS, म्हणजे प्रकारानुसार बेरीज करणाऱ्या) सूत्राला ते दोन वेगळे खर्च वाटतात आणि बेरीज चुकते. प्रकारही दहा-बाराच्या वर नेऊ नका. गूगल शीट वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ आहे का तेवढं पाहा. ते अमेरिकेचं असेल तर 05/06 ही पाच जून नव्हे, सहा मे धरली जाते, आणि महिन्याच्या बेरजेत खर्च भलतीकडे जाऊन बसतो. मोबाइलवर शीटमध्ये टाइप करणं जिकिरीचं होतं, त्यामुळे एक छोटा गूगल फॉर्म करून दोघांच्याही होमस्क्रीनवर ठेवा. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या भरता येतो आणि नोंद आपोआप शीटमध्ये पडते.

किरकोळ यूपीआय खर्चांचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. वडापाव, केळी, शेअर रिक्षा एकेक लिहू नका. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधल्या छोट्या पाकिटात, आठवड्याची ठरावीक रक्कम टाका आणि ‘किरकोळ’ म्हणून तेवढी एकच नोंद करा. बँकेच्या स्टेटमेंटमध्येही ती एकाच ओळीत दिसते. रक्कम गुरुवारीच संपली तर तेही कळतं. दूध, पेपर, इस्त्री, कामवाल्या मावशींचा पगार हे महिन्याचे ठरलेले आकडे एक तारखेलाच टाकून मोकळं व्हायचं. क्रेडिट कार्डचा खर्च मात्र खरेदीच्या दिवशीच लिहा. नंतर बिल भरल्याची नोंद खर्चात पुन्हा धरली तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

एक कळकळीने सांगते, शीट दोघांची असू द्या. एकाने भरायची आणि दुसऱ्याने महिनाअखेरीस जाब द्यायचा, असं झालं की घरात हिशेबाचं नाव काढलं तरी तोंडं वाकडी होतात. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सोबत बसून मागचा महिना पाहतो, फार वेळ लागत नाही. प्रत्येकाला थोडी रक्कम अशी ठेवा, जिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. आणि पासवर्ड, खाते क्रमांक शीटमध्ये अजिबात लिहू नका.

पहिल्या वर्षी 12 ने भागून भागणार नाही, हे लक्षात ठेवा. आज ऑगस्ट असेल आणि विम्याचा हप्ता नोव्हेंबरात, तर मध्ये तीनच पगार आहेत, म्हणून 30,000 ला तीनाने भागा. महिना 10,000 बाजूला पडतील. सगळेच खर्च असे मांडल्यावर रक्कम झेपत नसेल, तर गावचा प्रवास किंवा दिवाळीची खरेदी यंदापुरती कमी करा. फी, मेडिक्लेम आणि विम्याला हात लावू नका. तो हप्ता भरून झाला की डिसेंबरपासून त्या ओळीचा भाग 2,500 वर येतो.