बेडूक आणि टोड: पेटी, पाणी, खाद्य याबद्दलचे वाचकांचे प्रश्न

बेडकांबद्दलच्या पत्रांत बहुतेक वेळा आजार बेडकाचा म्हणून लिहिलेला असतो आणि कारण पाण्यात, खाद्यात किंवा पेटीच्या तापमानात निघतं. म्हणून खालच्या उत्तरांत आम्ही आधी पेटीकडे पाहिलं आहे, मग प्राण्याकडे.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे, तिला बेडूक पाळायचा आहे. हातात घेऊन खेळवता येईल असा कोणता घ्यावा?

खेळवता येईल असा कोणताही नाही, हे तिला आधीच सांगा. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोट आणि मांड्यांच्या आतल्या पातळ कातडीतून शोषून घेतो. श्वासाचाही काही भाग कातडीतूनच चालतो. हातावरचा घाम, क्रीम, साबणाचा अंश हे सगळं त्याच वाटेने आत जातं. उचलावंच लागलं तर हात नुसत्या पाण्याने नीट धुऊन ओलेच ठेवा, किंवा पावडर नसलेले हातमोजे क्लोरीन काढलेल्या पाण्यात भिजवून वापरा. नंतर मात्र साबणाने हात धुवायचे, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

बघण्यात रमणारी मुलगी असेल तर मात्र जरूर आणा. घास गिळताना बेडूक डोळे मिटतो, तेव्हा डोळ्यांचे गोळे खाली टाळूत दाबले जातात आणि घास घशाकडे ढकलतात. हे एकदा जवळून पाहिलं की तिचं खेळवायचं मन आपोआप कमी होईल.

सुरुवातीला व्हाइट्स ट्री फ्रॉग चांगला. मूळ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, स्वभावाने शांत, थोडी चूक सोसणारा. त्याला उभी पेटी लागते: ४५ सेंमी लांब, तेवढीच रुंद, ६० सेंमी उंच, आत चढायला जाड फांद्या. दिवसा २४ ते २८ अंश सेल्सिअस, रात्री तीन-चार अंश कमी चालतं. तो १५ ते २० वर्षं जगू शकतो, म्हणजे मुलगी शिकायला बाहेर पडेल तेव्हा तो तुमच्याकडेच असणार. पाळीव जोडीपासून जन्मलेलाच प्राणी घ्या. रानातून पकडलेल्या बेडकात बहुधा परजीवी असतात, तो पेटीत घाबरून खात नाही, आणि अनेक देशांत तसं पकडणं गुन्हा आहे.

प्रश्न: नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की बेडकासाठी चालतं, असं ऐकलं. खरं का?

पाण्यात फक्त क्लोरीन असेल तर बऱ्याच अंशी खरं. रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडं ठेवलं तर तो उडून जातो. पण अनेक ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात आणि तो असा उडत नाही. तुमच्या पाण्यात काय आहे ते पाणीपुरवठा विभागाकडे विचारा, किंवा सरळ मत्स्यालयासाठी मिळणारं वॉटर कंडिशनर वापरा. सोडियम थायोसल्फेट क्लोरीन काढतं. क्लोरामाइन फुटला की मागे अमोनिया उरतो, म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर निवडा आणि बाटलीवरच्या मापानेच घाला.

गरम पाण्याच्या नळाचं पाणी वापरू नका. गरम पाणी तांब्याच्या पाइपातून जास्त धातू ओढून आणतं आणि तांबं उभयचरांना विषारी आहे. पूर्ण क्षारमुक्त पाणी फवारणीला उत्तम, काचेवर डाग पडत नाहीत. बसायच्या भांड्यात मात्र ते नको. त्यात क्षारच नसल्यामुळे ते शरीरात शिरत राहतं आणि अंगातले क्षार बाहेर जातात.

भांड्यातलं पाणी रोज बदलायचं, पाण्यात घाण दिसली की त्याच क्षणी. बेडूक मलमूत्र बहुतेक वेळा पाण्यातच टाकतो आणि मग त्याच पाण्यात बसून तेच कातडीतून पितो. भांड्याची खोली बसलेल्या बेडकाच्या हनुवटीपेक्षा जास्त नको; पॅकमॅन (मोठ्या तोंडाचा, मातीत गाडून बसणारा बेडूक) आणि बहुतेक टोड (खडबडीत कातडीचे बेडूक) पोहण्यात कच्चे असतात, बुडून मरू शकतात. आफ्रिकन क्लॉड फ्रॉगसारख्या कायम पाण्यात राहणाऱ्यांसाठी फिल्टर लावून टाकी चार ते सहा आठवडे आधी तयार करावी लागते, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच बेडूक सोडा.

प्रश्न: आमचा ट्री फ्रॉग रातकिड्यावर झेप घेतो, जीभ लागतेही, पण किडा निसटतो. म्हातारा झालाय का?

आधी जीवनसत्त्व अ कमी पडतंय का ते पाहा. हे कमी पडलं की जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशी कडक, खपलीसारख्या होतात आणि जिभेची पकड जाते. बेडूक भुकेला असतो, नेमही चुकत नाही, तरी उपाशी राहतो.

खाद्यावर भुरभुरायची पावडर तपासा. तिच्यावर फक्त बीटा-कॅरोटीन लिहिलं असेल तर ती पुरेशी नाही, कारण अनेक बेडकांना त्यापासून जीवनसत्त्व अ नीट तयार करता येत नाही. रेटिनॉल किंवा रेटिनिल अॅसिटेट असा उल्लेख हवा. अशी पावडर आठ ते पंधरा दिवसांतून एकदा पुरते; जास्त दिलं तर तेही घातक, शिवाय ते जीवनसत्त्व ड३ च्या कामात आडवं येतं. जीभ आधीच बिघडली असेल तर उभयचर पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, मात्रा तेच ठरवतील. तोवर चिमट्याने किडा थेट तोंडाशी धरून भरवा.

कॅल्शियमचंही इथेच सांगून टाकतो, कारण जिथे एक चुकतं तिथे दुसरंही चुकलेलं असतं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि बेडकाला उलटं प्रमाण लागतं. त्यामुळे वाढत्या पिल्लाला प्रत्येक वेळी आणि मोठ्याला एक-दोन वेळा आड ड३ असलेली कॅल्शियम पावडर लावा. रातकिडे पिशवीत टाकून चिमूटभर पावडरीत हलवा आणि लगेच द्या. किडा काही मिनिटांत स्वतःला झाडून साफ करतो. त्याआधी एक ते दोन दिवस त्या रातकिड्यांना गाजर, हिरवा पाला आणि चांगलं कोरडं खाद्य घाला. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. उघडलेली पावडर सहा महिन्यांनी बदला, उष्णतेपासून लांब ठेवा.

कॅल्शियम कमी पडलं की खालचा जबडा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. मात्र पॅकमॅन भक्ष्य पाहून मागच्या पायांची बोटं हलवतो ती निराळी गोष्ट, ते आमिष आहे. मंद यूव्हीबी दिवाही (अंगात ड३ तयार करवणाऱ्या अतिनील किरणांचा) उपयोगी पडतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते.

प्रश्न: पॅकमॅन तीन आठवडे मातीत गाडून बसलाय. खात नाही, अंग कागदासारखं कोरडं दिसतं. मेला का?

बहुधा नाही. पेटी कोरडी पडली की हा बेडूक जमिनीत शिरतो आणि सुटलेल्या कातडीच्या थरांचं कवच अंगावर तसंच ठेवतो. कोरड्या ऋतूत जगायची त्याची ही रीत. कवच ओढून काढू नका. बेडूक माती चिकटलेला तसाच अलगद उचला आणि कंडिशनर घातलेल्या, खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात अर्धा तास ठेवा. नाकपुड्या पाण्याबाहेर हव्यात. कवच सुटलं की तो स्वतःच ते तोंडात ओढून खाईल.

मग कारण शोधा. तळातला नारळाच्या भुशाचा थर ८ ते १० सेंमी हवा. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, पण पाणी ठिबकू नये. तापमान मातीच्या आत मोजा, काचेला चिकटवलेला तापमापक फसवतो. २४ ते २८ अंश ठीक. २२ च्या खाली भूक मरते, ३० च्या वर जीव धोक्यात. हीटिंग मॅट पेटीखाली लावली असेल तर तीच गुन्हेगार असू शकते: उकाडा झाला की बेडूक थंडाव्यासाठी खाली खणतो आणि थेट उष्णतेवर जाऊन बसतो. मॅट बाजूच्या काचेला लावा, थर्मोस्टॅटसह. सगळं सुधारल्यावर तीन-चार दिवसांनी एक गांडूळ पुढे धरा. जबडा उघडून कोंबू नका.

प्रश्न: टोड अंग वेडंवाकडं करतो, तोंड उघडझाप करतो आणि काहीतरी गिळतो. पेटीत तर खाद्य नव्हतं.

कात टाकतोय. जुनी कातडी ओढून तो खाऊन टाकतो. काही दिवसांनी पुन्हा दिसेल, त्यात काळजीचं काही नाही. कात तुकड्या-तुकड्यांनी अंगावर अडकून राहत असेल तर ओलावा वाढवा.

प्रश्न: मोठी टाकी आहे. फायर-बेलीड टोड आणि ट्री फ्रॉग एकत्र ठेवू का?

नको. फायर-बेलीड टोडच्या कातडीतून निघणारं विष त्याच पाण्यात मिसळतं आणि ट्री फ्रॉग ते शोषून घेतो. त्यातून, तोंडात मावेल ते भक्ष्य असाच बेडकाचा हिशेब असतो. एकाच जातीतही मोठा लहानाला गिळतो. पॅकमॅन तर कायम एकटाच ठेवायचा. नवा प्राणी त्याच जातीचा असला तरी ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्या-चिमट्यांसह ठेवून मगच जुन्याजवळ आणा.

प्रश्न: बेडकाच्या मांड्या आणि पोट लालसर दिसू लागलंय. मलम लावू का?

मलम अजिबात नको, विशेषतः वेदनाशामक मिसळलेलं. माणसाला लावायची मात्रा त्या कातडीतून आत गेली तर बेडूक मरू शकतो. तसा लालपणा कातडीखालच्या रक्तस्रावाचा असू शकतो, आणि त्यामागे बहुतेकदा एरोमोनाससारख्या जिवाणूंचा रक्तात पसरलेला संसर्ग असतो. कायट्रिड बुरशीतही (उभयचरांच्या कातडीला होणारा जीवघेणा संसर्ग) अंग असंच लाल दिसतं, म्हणून नुसतं पाहून निदान होत नाही. आजच पशुवैद्याची वेळ घ्या. तोवर बेडूक हवेची भोकं पाडलेल्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात, ओल्या, बिनरंगी कागदी टॉवेलवर ठेवा आणि कागद रोज बदला. पेटीचा तळ पूर्ण काढून टाका. जाताना भांड्यातल्या पाण्याचा नमुना आणि पेटीचे फोटो सोबत न्या.

प्रश्न: व्हाइट्स ट्री फ्रॉगच्या डोळ्यांवर मांसल घड्या आल्यात. आता डोळे झाकले जातात.

लठ्ठपणा. हलकी घडी असणं चांगलं, अजिबात नसेल तर बेडूक रोडावलाय. डोळ्यावर उतरली की खाद्य कमी करा: आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार-पाच रातकिडे, आणि ते चिमट्याने न देता सोडा, म्हणजे त्याला पाठलाग करावा लागेल. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. न खाल्लेले किडे काढून घ्या, ते झोपलेल्या बेडकाला चावतात. उंदराची पिल्लं बंद करा. जास्त चरबीच्या खाद्याने या जातीत डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर पांढरे डाग साचतात आणि ते परत जात नाहीत.

प्रश्न: आता सांभाळणं जमत नाही. जवळच्या तळ्यात सोडला तर?

कृपा करून सोडू नका. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी ऑस्ट्रेलियात केन टोड आणले. भुंगेरे राहिले आणि टोड अजून पसरतायत. त्याहून मोठी भीती कायट्रिड बुरशीची. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि २०१९ च्या एका अभ्यासाप्रमाणे तिने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटवली आहे. वरून धडधाकट दिसणारा बेडूकही ती वाहून नेतो, म्हणून पेटीतलं पाणी आणि मातीसुद्धा ओढ्या-तळ्यात टाकायची नाही. दुसरा पाळणारा, विक्रेता किंवा पशुवैद्य यांच्याकडे विचारा.

प्रश्न: बेडूकमासे छान वाढले, पण पुढचे पाय फुटल्यावर एकेक मरतायत.

ते बुडतायत. पुढचे पाय येतात त्याच सुमारास कल्ले आटतात आणि फुप्फुसं चालू होतात, म्हणजे त्यांना पाण्याबाहेर यावंच लागतं. पहिल्या पिल्लाला पुढचे पाय दिसले की त्याला वेगळ्या भांड्यात काढा, पाणी २ ते ३ सेंमी ठेवा आणि एका बाजूला खडबडीत दगडाचा उतार करा. बहुतेक जातींच्या पिल्लांना गुळगुळीत काचेवर चढता येत नाही. झाकण घट्ट हवं, कारण ट्री फ्रॉगची पिल्लं ओल्या काचेवरून सहज निघून जातात.

शेपूट आटेपर्यंत काही दिवस ते खात नाहीत. शेपटीतला साठाच त्यांना पुरतो. तेव्हा उकडलेला पालक टाकत राहिलात तर पाणी सडेल आणि उरलेलेही जातील. शेपूट पूर्ण गेली की स्प्रिंगटेल (मातीतले अगदी बारीक जीव) आणि बिनपंखी फळमाशा द्या, त्याआधी आठवडाभर त्यांची पैदास चालू करून ठेवा. पुढचे पाय काडीसारखे बारीक आणि अंगाचं वजन न पेलणारे असतील तर दोष बहुधा मागे गेलेला आहे, आईबापाच्या किंवा बेडूकमाशांच्या खाद्यात. अशी पिल्लं क्वचितच जगतात. पुढच्या खेपेला प्रत्येक बेडूकमाशाला किमान एक लिटर पाणी द्या आणि पालकाबरोबर माशांचं बारीक खाद्यही घाला.