५ फूट ३ इंच उंचीवर व्हॉलीबॉल खेळून कॉलेजात काही होईल का?

तू लिहिलंयस की सोलापुरात अकरावीला आहेस, आठवीपासून खेळतेस आणि "एवढ्या उंचीवर पुढे काय होणार" असं तुला सांगितलं जातं. होईल. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. निवडीच्या दिवशी मुलींना भिंतीला उभं करून उंची मोजायची आणि सर्व्हिस कोण नीट उचलतं हे बघायचंच नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

मुलींची नेट २.२४ मीटरवर असते, मान्य. पण पहिला पासच वाकडा गेला तर सहा फुटी स्मॅशर काय करणार? १९९८ पासून नियमात लिबेरो आहे, म्हणजे फक्त मागे राहून बॉल उचलणारी खेळाडू. वेगळ्या रंगाची जर्सी, फक्त मागची ओळ, ब्लॉक नाही, नेटच्या उंचीवरून अटॅक नाही. पण तिची अदलाबदल सेटमधल्या सहा बदल्यांत मोजत नाहीत. ही उरलीसुरली जागा नाही, संघाचा पाया आहे.

आता तेच काम शिक. शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या मुलींना हात झोकायची सवय असते, ती आधी मोडावी लागते. कोपर सरळ, दोन्ही अंगठे शेजारीशेजारी आणि खाली वळलेले, बॉल मनगटाच्या चार बोटं वर लागला पाहिजे. अंगठ्यावर लागला की कुठेही उडतो. जोराच्या सर्व्हिसला हात हलवायचेच नाहीत, फक्त त्यांना उतार द्यायचा. हळू बॉलला ताकद गुडघ्यातून द्यायची. फ्लोटिंग सर्व्हिस (बॉल न फिरता येणारी) शेवटी डुलते आणि अचानक पडते, म्हणून तिला वाट बघत मागे थांबायचं नाही, एक पाऊल पुढे जाऊन घ्यायची. छातीच्या वर आली तर बोटांनी घे. पहिल्या टचला एकाच हालचालीत दोनदा लागला तरी डबल धरत नाहीत, बॉल धरून ठेवला तर मात्र फाऊल. पास नेटपासून एक-दीड मीटर आत, दोन आणि तीन नंबरच्या (पुढच्या ओळीतली उजवी आणि मधली जागा) मधे पडला पाहिजे. नेटला चिकटलेला पास दिसायला छान, पण सेटर (स्मॅशरला बॉल उचलून देणारी) अडकते आणि समोरची ब्लॉकर तोच बॉल मारते.

वही ठेव, प्रत्येक पासला गुण दे. सेटरला सगळे पर्याय मिळाले तर ३, तिला पळावं लागलं तर २, बॉल कसाबसा पलीकडे गेला तर १, पॉइंट गेला तर ०. सामन्यात सरासरी २ च्या वर टिकली तर ट्रायलला बिनधास्त जा, आणि उंची विचारली की वही दाखव.

मुरमाच्या मैदानावर डाइव्ह शिकू नकोस, कातडी सोलते आणि भीती बसते. आधी गादीवर रोल शिक. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपव. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते जवळ ठेव. बॉल उन्हात ठेवू नकोस, आतली हवा तापून तो कडक होतो आणि हातावरून उसळतो.

कॉलेजचं म्हणशील तर नावापेक्षा मैदान बघ. संघ वर्षभर सराव करतो की स्पर्धेआधी पंधरा दिवस, एवढंच तिथल्या खेळाडूंना विचार. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून पुढे येतो, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. तिथे वयाची अट १७ ते २५, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे.

उंचीला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणत नाही. मिडल ब्लॉकर (नेटच्या मधोमध ब्लॉक करणारी) व्हायचं असेल तर ती लागतेच. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर कडक जमिनीवरच्या उड्या लगेच कमी कर. आणि शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या भरवशावर अभ्यास सोडू नकोस. तिथे ठरावीक स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात, त्यांची पडताळणी होते. म्हणून आतापासून प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदांप्रमाणेच आहे ना, हे जागेवरच तपासून घे.